तीसपैकी तीस

मी खोटे दात बनवते. डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचा साचा येतो, मी त्यावर कवळी तयार करून परत पाठवते. सगळे दात एका उंचीचे, एका रंगाचे, कवायतीला उभे केल्यासारखे लावले तर ते खोटे आहेत हे चार पावलांवरून कळतं. म्हणून मी मुद्दाम एखादा दात जरासा वाकडा लावते, एखाद्याच्या कडेला पिवळट झाक देते. बावीस वर्षं हेच करतेय. दुसऱ्या लॅबची कवळी दुरुस्तीला आली तर ती कोणाच्या हातची आहे हे मी बघून सांगते. हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय, की मला कोणी सहज फसवू शकेल असं मला वाटत नव्हतं.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. घरात सगळे त्याला टिल्लू म्हणायचे. पुढे तो सहा फूट वाढला तरी नाव तेच राहिलं. तो दुसऱ्या शहरात एका विमा कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसतो. चिडलेल्या लोकांना दिवसभर शांत करायचं, याचाच त्याला पगार मिळतो. आई होती तोवर आमचं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं. ती गेल्यावर 'जेवलीस?' 'हो, तू?' 'हो' यापुढे गाडी जाईना. दोघंही गप्प, आणि फोन आधी ठेवायचा कोणी म्हणून अवघडलेले. मग दीड वर्षापूर्वी एकदा तो म्हणाला, "ताई, आपण एक गेम खेळूया का? बंदुकांचा आहे, पण तुला मारामारी करायला नको. जखमी लोकांना उचलायचं काम असतं त्यात. मीही नवीनच आहे. दोघं मिळून शिकू."

मी आधी हसले. वय वर्षं पंचेचाळीस, चष्मा, मानेला पट्टा, आणि हिला म्हणे बंदुकांचा गेम. पण 'दोघं मिळून' हे ऐकून बरं वाटलं. त्याने कुरियरने हेडफोन पाठवले, माझं खातं उघडून दिलं, आणि नाव काय ठेवायचं विचारलं. मी म्हटलं, दाढ. माझ्या हातून सगळ्यात चांगली दाढच उतरते. त्याने स्वतःचं नाव टिल्लू ठेवलं. दोघांच्या नावापुढे एक आकडा होता: १.

गेमचं नाव 'शेवटची चौकी'. दोन्ही बाजूंना आठ-आठ जण, मध्ये पडका कारखाना, आणि जी बाजू तो जास्त वेळ ताब्यात ठेवेल ती जिंकते. समोरच्याला मारलं की पन्नास पॉइंट, चौकी राखली की दोनशे, आणि आपल्या पडलेल्या माणसाला तीस सेकंदांच्या आत उचललं की शंभर. पॉइंट साठतात तशी लेव्हल वाढते, आणि लेव्हल वाढते तशा एकेक गोष्टी हाताला लागतात. पाचव्या लेव्हलला मला चांगली पट्टी मिळाली. दहाव्या लेव्हलला, पडलेल्या माणसाच्या बंदुकीत किती गोळ्या उरल्यात ते दिसायला लागलं, म्हणजे पट्टीबरोबर गोळ्याही द्यायच्या का ते ठरवता येतं. पंधराव्याला धुराचा डबा. पंचविसाव्याला पांढरं जाकीट. जाकिटाचा काडीचा उपयोग नाही, पण ते अंगावर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये उगाच गुणगुणत होते आणि शेजारच्या टेबलावरची मला विचारत होती, काय लॉटरी लागली का.

आणि पन्नासाव्या लेव्हलला मानाचे सामने उघडतात. तोवर गेम तुम्हाला तुमच्या आसपासच्या लेव्हलच्या लोकांशीच खेळवतो. जोडीने आलात तर दोघांची सरासरी धरतो. त्यामुळे दोघांची लेव्हल सारखी असणं महत्त्वाचं, नाहीतर एकाच्या पायी दुसऱ्याला भलत्याच लोकांचा मार खावा लागतो. हे कळल्याबरोबर मी नियम केला: एकट्याने खेळायचं नाही. रोज संध्याकाळी सात ते आठ, दोघांनी, बस. मी त्याला शपथच घ्यायला लावली. तो म्हणाला, "तुझी शपथ, ताई."

दीड वर्ष मी तो नियम पाळला. कमरेत उसण भरून आठ दिवस घरी पडून होते, कॉम्प्युटर हाताच्या अंतरावर होता, वेळ जाता जात नव्हता. पण नाही उघडला गेम. त्याच्यापुढे जायचं नव्हतं मला.

आणि मी चांगली खेळायला लागले होते. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण मला ते माहीत होतं. पहिल्या आठवड्यात मी दर मिनिटाला मरायचे. मग हळूहळू जमलं. आम्ही दहापैकी सात सामने जिंकायचो. टिल्लू पुढे धावायचा, पडायचा, हेडफोनमधून हाक यायची, "ताई, उचल!" आणि मी धूर सोडून, वाकून, भिंतीच्या कडेने पोचायचे आणि त्याला उभं करायचे. तो म्हणायचा, "तू नसतीस तर मी गेलो होतो." माझ्या कार्डावर आकडा होता: उचलले, ४,११२. प्रत्येक वेळी तोच.

तो सहा वर्षांचा असताना त्याचा पाय मोडला होता. तीन महिने प्लास्टर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि आई सकाळी लवकर कामावर जायची, म्हणून मी त्याला पाठीवर घेऊन जिना उतरायचे, शाळेत सोडायचे, दुपारी परत वर चढवायचे. तो कानाशी सतत बडबडायचा. गेममध्ये त्याला उचलताना मला तोच भार आठवायचा. हसू आलं तर येऊ दे, पण संध्याकाळचे सात वाजायची मी वाट बघायचे ती याच्यासाठी.

आता मी फसले कशी ते सांगते. त्यात चूक माझीही आहे.

आम्ही दोघं एकोणपन्नासवर होतो. एकाच सामन्यात दोघांनी पन्नास गाठायची असं ठरलं होतं, आणि तो दिवस रविवारी संध्याकाळी येईल असा अंदाज होता. पण गुरुवारी सामन्याच्या मध्येच माझं इंटरनेट गेलं. असं अर्ध्यात सोडलं तर गेम पॉइंट कापतो. माझे सहाशे कापले. म्हणजे रविवारी टिल्लू पन्नासला पोचणार आणि मी मागे राहणार. मला ते काही केल्या पटेना. रविवारी दुपारी मी जेवण उरकून कॉम्प्युटरसमोर बसले. स्वतःला समजावलं, ही काही नियमाची मोडतोड नाही, ही भरपाई आहे. सहाशे पॉइंट मिळवायचे आणि गुपचूप बंद करायचं.

रविवारी दुपारी 'खुलं मैदान' असतं. सगळ्या लेव्हलचे लोक एकत्र, आणि पॉइंट दुप्पट. टिल्लूने मला पहिल्यापासून बजावलं होतं, "तिकडे चुकूनही जाऊ नकोस, ताई. दोनशे-दोनशे लेव्हलचे लोक असतात, चिरडून टाकतात." शिवाय रविवारी दुपारी तो झोपतो. निदान मला तसं सांगितलेलं होतं.

गेले. पन्नासच्या आतल्यांची नावं तिथे दाखवतच नाहीत. माझ्या डोक्यावर नुसतं 'नवखा' असं लिहून आलं. एवढ्या मेहनतीनंतर नवखा! माझ्या कपाळावर आठी चढली. पण चार मिनिटांत कळलं, शब्द बरोबर आहे. मी वाकायच्या आत मरत होते. धूर सोडला तर धुरात मरत होते. दीड वर्षांत शिकलेलं काही म्हणजे काही चालत नव्हतं. इतके दिवस आपण नेमकं कोणाशी खेळत होतो, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला.

मला तीनदा एकानेच मारलं. आपण मेलो की मारणाऱ्याच्या डोळ्यांनी शेवटची दहा सेकंदं दाखवतात. नाव होतं लंगडा बोका. लेव्हल दोनशे चौदा. तो दरवाज्यापाशी आला, बंदुकीच्या दस्त्याने चौकटीवर दोनदा ठोकलं, आत शिरला, एका गोळीत मला आडवं केलं, आणि तीसपैकी एकोणतीस गोळ्या शिल्लक असताना लगेच बंदूक परत भरून घेतली.

माझे हात की-बोर्डवर तसेच राहिले. आमच्या जुन्या घराच्या जिन्याखाली एक बोका राहायचा, मागच्या पायाने लंगडा. त्याला आम्ही दोघं लपून दूध द्यायचो. आणि घरातल्या कुठल्याही दारातून जाताना चौकटीवर दोनदा ठोकायची सवय एकालाच होती. त्यावरून त्याने आईचा मार खाल्ला होता. एक गोळी उडाली की बंदूक भरून घ्यायची, ही खोडही मी रोज संध्याकाळी बघत होते. कवळी कोणाच्या हातची ते ओळखणाऱ्या बाईला हे ओळखायला कितीसा वेळ लागणार? तरी मी म्हटलं, नसेल. जगात लंगडे बोके काय थोडे आहेत.

सामना संपल्यावर सोळाही जण मिनिटभर एका हॉलमध्ये येतात, तिथे सगळ्यांचे माइक चालू असतात. माझा बंद होता. मी बाकीच्यांचं ऐकत होते.

"बोक्या, अजून एक?"

"नाही रे, जरा पडतो. सातला बालवाडी आहे."

तीन-चार जण हसले. "आज किती वेळा मरणार?"

"पंधरा-वीस. एकदाची पन्नासला पोचवायचीय तिला."

"तिला कळत नाही?"

"ताईला? छे. खूश असते ती," माझा भाऊ म्हणाला. "तिला उचलायला आवडतं."

हॉल बंद झाला. मी खुर्चीतून उठले, ओट्यापाशी जाऊन पाणी प्यायले, परत येऊन बसले. आधी काहीच वाटलं नाही. मग अंगाची आग आग झाली. त्याचं दुसरं खातं होतं हे मला एक वेळ चाललं असतं. मोठा झालेला माणूस, त्याचे मित्र असतील, खेळत असेल. पण माझ्याजवळ नवीन म्हणून बसला तो. माझ्याबरोबर एकपासून लेव्हल चढत आला, पाचव्या लेव्हलला पट्टी मिळाली तेव्हा माझ्याबरोबर ओरडला. मी ज्यांच्याशी जिंकत होते ती माझ्यासारखीच नवखी पोरंसोरं होती, आणि त्यांच्यासमोर मी दोनशे चौदा लेव्हलचा माणूस घेऊन उतरत होते. आणि हा सगळा प्रकार चार माणसांना माहीत होता. त्याला नावही होतं, बालवाडी.

त्यानंतर एक गोष्ट लक्षात आली, आणि ती बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागली. टिल्लू पडला की माझ्या स्क्रीनवर त्याच्या गोळ्या दिसायच्या, आणि त्या नेहमी तीसपैकी तीस असायच्या. मी त्याला चिडवायचे, "भरल्या बंदुकीनिशी मरणारा तू जगात एकटाच." तो हसायचा. ज्याच्यावर खरोखर समोरून गोळ्या येतायत, त्याला बंदूक भरायला फुरसत कुठून मिळणार? तो लढून पडतच नव्हता. सावकाश बंदूक भरून, आडोशातून बाहेर येऊन, उभा राहत होता. मला शंभर पॉइंट मिळावेत म्हणून. चार हजार वेळा. मी खोट्याला थोडं वाकडं करून खरं दाखवते; त्याने तेवढीही तसदी घेतली नव्हती. ताईला काय कळतंय.

मी रडले. मला ते सांगायला लाज वाटत नाही. आई गेली तेव्हाही मी इतकी एकटी पडले नव्हते, कारण त्यानंतर हा सातचा तास आला होता.

सातला मी हेडफोन चढवले. न जाण्याचा विचार केला होता. पण मला बघायचं होतं.

"ताई, आज काय मग? पन्नास!" त्याचा आवाज अगदी झोपेतून उठल्यासारखा होता. किती बारकाईने करतो, मी मनात म्हटलं.

"झोप झाली?"

"मस्त. तू काय केलंस दुपारी?"

"पडले होते."

सामना सुरू झाला. दोन मिनिटांत तो कारखान्याच्या अंगणात गेला आणि पडला. "ताई, उचल!" मी गेले. तीसपैकी तीस. उचललं. शंभर पॉइंट. तो म्हणाला, "तू नसतीस तर मी गेलो होतो." पुन्हा तीन मिनिटांनी, पाण्याच्या टाकीशी. यावेळी मी आधीपासून त्याच्याकडेच बघत होते. तो टाकीमागे सुरक्षित होता. त्याने बंदूक भरली, दोन पावलं बाजूला झाला आणि थांबला. समोरच्या नवख्या पोराचे पहिले तीन नेम चुकले. हा तसाच उभा. चौथा लागला. "ताई, उचल!" मी गेले. तीसपैकी तीस. उचललं.

तो उठून अंगणाकडे पळाला. मी त्याच्यामागे चालत गेले. तो तिथे दोघांशी लढत होता, आणि आता मुद्दाम बघितल्यावर किती सहज लढत होता ते दिसलं.

"बोका कसा आहे?" मी विचारलं.

"कुठला बोका?"

"लंगडा. दोनशे चौदावाला."

हेडफोनमध्ये नुसता गोळीबार. मग तो बोलायला लागला, आणि आवाज एकदम बदलला. मऊ, संथ, शब्दांमध्ये जागा सोडून. "ताई, तुला वाईट वाटणं अगदी साहजिक आहे. मी समजू शकतो. मला फक्त दोन मिनिटं दे, मी तुला सगळं..."

"मी तुमची ग्राहक नाही," मी म्हटलं.

"तसं नाही गं."

"चौकटीवर ठोकतोस अजून. तीनदा मारलंस मला आज दुपारी. बरं मारतोस."

"तू खुल्या मैदानात गेली होतीस?" हा त्याचा खरा आवाज होता. "आपलं ठरलं होतं ना, एकट्याने..." आणि तो मध्येच थांबला. तेवढी लाज शिल्लक होती.

"सहाशे पॉइंट कमी पडत होते. तुझ्यामागे राहायचं नव्हतं," मी म्हटलं. "तू सांग. मीही नवीन आहे असं का म्हणालास?"

"नाहीतर तू आली नसतीस. पहिल्या आठवड्यात तू रोज म्हणायचीस, मी सोडते म्हणून. मला तुझं हरणं बघवेना. मग मी... तू खूश होतीस, ताई. मी तुझ्यासाठीच केलं."

"बालवाडीही माझ्यासाठीच?"

"ते मित्रांसमोर आपलं बोलायचं म्हणून."

"काय काय सांगितलंयस त्यांना? पाठीवरचं सांगितलंस? तीन मजले?"

"ते बोलता बोलता निघालं गं." म्हणजे सांगितलं होतं. 'तिला उचलायला आवडतं' हे त्याने तिथूनच काढलं होतं.

"एकच सांग," मी म्हटलं. "चार हजार एकशे चौदा वेळा उचललंय तुला. आत्ताचे दोन धरून. त्यातलं खरं पडणं कुठलं?"

अंगणाच्या मधोमध तो थबकला. हात थांबले असावेत त्याचे. त्याचा माणूस स्क्रीनवर नुसता उभा होता, बंदूक अर्धवट खाली. डावीकडच्या खिडकीतून कोणीतरी झाडली. तो पडला.

मी पाच पावलांवर होते. माझ्या स्क्रीनवर त्याच्या नावाखाली आकडा आला. तीसपैकी सात.

त्याच्याशेजारी दुसरा आकडा उलटा सरकत होता. तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. ते दोघं त्याने आधीच पाडले होते, खिडकीतला निघून गेला होता, अंगण मोकळं होतं, धूर सोडायचीही गरज नव्हती. पाच पावलं जायचं, वाकायचं आणि एक बटण दाबायचं.

"ताई," तो म्हणाला. "उचल" म्हणाला नाही.

मी सातच्या आकड्याकडे बघत होते. माझं बोट बटणावर होतं. दीड वर्ष ते आपोआप दाबलं जायचं. उचलून झाल्यावर तो काय म्हणेल तेही मला पाठ होतं, आणि आता ते वाक्य मला त्याच्या तोंडून ऐकवलं नसतं. अकरा. दहा. त्याचा श्वास ऐकू येत होता. लहानपणी पाठीवर असताना कानाशी यायचा तसाच, फक्त आता तो बडबडत नव्हता.

"ताई, ऐक ना."

तीन. दोन. एक.

त्याचं नाव करडं झालं आणि यादीत खाली गेलं. मी तिथेच उभी राहिले. कितीतरी वेळा तो खोटा पडला आणि मी जीव खाऊन धावले. एकदा खरा पडला, माझ्यासमोर पडला, आणि मी त्याला उचललं नाही.

हेडफोन काढून मी टेबलावर ठेवले. त्यांतून बारीक आवाजात तो अजून हाक मारत होता.